एकोणीस दिवसांची खोड

मुजम्मिल मुलाणीला नोकरी लागली. बारामतीच्या एमआयडीसीत, ट्रॅक्टरचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. दुपारचं जेवण कंपनीचं.

हे वाक्य आता विसरून जायचं. नोकरीबिकरी काही लागलेली नाही. कुणी विचारलंच तर ‘बघू, चाललंय’ म्हणायचं आणि आभाळाकडं बघायचं. कळसच्या मुलाण्यांच्या घरात हा नियम मुजम्मिलच्या आजोबांनी, म्हणजे इमामतात्यांनी घालून दिलेला. तात्यांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. सौदा ठरला, हातावर हात पडला, विसार खिशात गेला, तरी बैल बाजाराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकेपर्यंत सौदा झालाच नाही असं सगळ्यांनी वागायचं, ही त्या धंद्यातली रीत. विकणारा तोंड पाडून बसायचा. घेणारा भलत्याच बैलाच्या शेपटीकडं टक लावून उभा राहायचा. बैलाला यातलं काहीच माहीत नसायचं, त्यामुळं तो एकटाच खरा वागायचा. फाटकाच्या आत आनंद दाखवला की बैल बाहेर जाऊन लंगडतो, असं तात्यांचं म्हणणं. असा नेमका कितीदा लंगडला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तर नोकरी लागलेली नाही, इथून सुरुवात.

मुजम्मिल सत्तावीस वर्षांचा होता आणि आठ महिने घरी होता. रांजणगावच्या त्याच्या कंपनीनं एक युनिट बंद केलं आणि साडेतीनशे माणसांना एकेक मिठाईचा डबा देऊन घरी पाठवलं. मिठाई गावात पोचेपर्यंत संपली. डबा पत्र्याचा होता, तो त्याच्या आईनं, शबीनानं, मसूर ठेवायला घेतला. आठ महिने त्या घरातला मसूर ‘हार्दिक शुभेच्छा’ या अक्षरांखाली राहत होता.

मुलगा हुशार होता, याबद्दल वाद नव्हता. धातूचा तुकडा हातात घेतला की माप चुकलंय की नाही ते त्याच्या बोटांना कळायचं, यंत्र लावून फक्त खात्री करायची. पण घरी बसलेल्या माणसाच्या बोटांना मोबाइलशिवाय काही मिळत नाही. त्यानं मोबाइलवरून नोकऱ्या मिळवून देणाऱ्या अकरा रिक्रूटरांचे नंबर जमवले आणि ‘कन्सल्टन्सी १’ ते ‘कन्सल्टन्सी ११’ असे सेव्ह केले. अकरांनाही एकच रेझ्युमे पाठवला. रोज सकाळी अकरांनाही गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. कोण कुठला, कोणी काय विचारलं होतं, कोणाला काय सांगितलं होतं, याची नोंद कुठंही नाही. कुणाचा फोन आला तर हा आधी विचारायचा, “आपण कितवे?”

त्यातल्या दोघांशीच या गोष्टीला काम आहे.

एक इरा. पुण्याच्या एका एजन्सीत होती. तिनं पहिल्याच फोनला पंचवीस मिनिटं घेतली. कुठली मोजमापाची यंत्रं चालवता, कुठलं काम अजिबात नको, घरापासून किती लांब जाल, मध्ये खंड पडलाय तो का, असं एकेक विचारलं आणि टाइप केलं. बारामतीत एक जागा आहे म्हणाली. शेवटी म्हणाली, या कंपनीकडं तुमचं नाव आणखी कुणी पाठवलंय का? मुजम्मिलनं नाही म्हणून सांगितलं. त्या वेळी ते खरं होतं. संध्याकाळी पाचपर्यंत खरं राहिलं.

पाच वाजता दिग्विजयचा फोन आला. दिग्विजयचं ऑफिस बारामतीत झेरॉक्सच्या दुकानावर. पाटीवर लिहिलेलं, ‘नोकरी, फ्लेक्स, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो’. त्यानं विचारलं, एमआयडीसीत गिअरवाल्यांकडं जागा हाय, टाकू का? मुजम्मिल म्हणाला टाक. ही मुलाखत चार सेकंद चालली. मुजम्मिलचा हिशेब सरळ होता. एका दारानं गेलं तर एक संधी, दोन दारांनी गेलं तर दोन.

तिसऱ्या दिवशी दोन्ही दारं लागली.

इराच्या फोनवरून कळलं ते असं. कंपनीच्या टेबलावर एकाच माणसाचे दोन रेझ्युमे आले. इराच्या कागदावर अनुभव चार वर्षं, दिग्विजयच्या कागदावर सहा. शिवाय दिग्विजयच्या कागदावर फोटो होता आणि फोटोत मुजम्मिलच्या अंगात निळा कोट आणि लाल टाय. तो कोट आणि टाय दिग्विजयच्या कॉम्प्युटरमध्ये कायमचा असायचा आणि त्याच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जायचा. कंपनीकडं त्याच आठवड्यात त्याच टायमधली चार माणसं आली होती. त्यांनी दोन्ही कागद बाजूला ठेवले.

इरा चिडली नाही. ते जास्त लागलं.

“मुजम्मिल, मी तुम्हाला विचारलं होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्यानं पाठवलंय म्हणाला असतात तरी चाललं असतं, मी थांबले असते. मला माहीतच नसणं, हे चालत नाही.”

फोन स्पीकरवर होता, कारण त्या मोबाइलचा कानाजवळचा आवाज गेल्या बेंदराला बैलाऐवजी त्यालाच आंघोळ घातल्यापासून गेलेला. तात्या ओट्यावर दावं वळत बसले होते. दावं म्हणजे बैलाच्या गळ्यातली दोरी. घरात बैल नव्हता, अख्ख्या आळीत एक होता, तोही गोठ्यापेक्षा फोटोत जास्त. तरी तात्या रोज दावं वळायचे आणि पूर्ण झालं की उसवायचे. त्यांनी हातातला पीळ मांडीवर ठेवला.

“किती हेडी लावलं व्हतंस?”

हेडी म्हणजे बैलांचे दलाल. तात्यांच्या जगात दुसरे कुठले दलाल नव्हतेच.

“अकरा.”

“अकरा,” तात्या म्हणाले. एखाद्या अपघातातला आकडा ऐकल्यासारखं म्हणाले.

मुजम्मिलला बाजार आठवला. तो सहा-सात वर्षांचा असताना तात्या त्याला घेऊन जायचे. ट्रकच्या हौद्यात बैलांच्या मधे उभं राहायचं, दोन्ही बाजूंनी उबदार पोटं आणि नाकात शेण, तेल, शिंगांचा ताजा रंग यांचा वास. बाजारात पोचलं की बर्फाचा गोळा. मग तात्या कामाला लागायचे. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, वरून पंचा टाकायचा आणि दोघांनी आभाळाकडं बघत पंचाखाली एकमेकांची बोटं दाबायची. किती बोटं दाबली त्यावरून भाव. भोवती वीस माणसं उभी असायची आणि कुणाला काही कळायचं नाही. वर दोन म्हातारे पावसापाण्याचं बोलतायत आणि खाली पंचा एकटाच हलतोय. मुजम्मिलची तर खात्री होती की तात्यांच्या पंचात एक लहानसं जनावर राहतं. एकदा त्यानं गुपचूप पंचाखाली हात घातला. आत दोन खरबरीत हात होते, घामेजलेले, आणि ते बोलत होते. त्याचा हात लागताच दोन्ही हात एकदम गप्प झाले. त्या दिवशी एका खोंडाचा भाव उगीच पाच बोटांनी वाढला, म्हणून तात्या आठवडाभर त्याला व्यापारी म्हणत होते.

पुढं पंचे राहिले, बोटं राहिली, बैल कमी झाले. ज्यांना तात्यांनी बैल घेऊन दिले, त्यांच्याच दारात ट्रॅक्टर उभे राहिले. ट्रॅक्टरवाला पंचाखाली हात देत नाही. तो छापील पत्रक देतो.

तात्यांना कन्हेरीचा एक माणूस आठवला होता. त्यानं एकच खोंड तात्यांकडंही दिला आणि आणखी एका हेड्याकडंही. तात्यांनी गिऱ्हाइकाला वयाचे चार दात सांगितले, दुसऱ्यानं सहा. गिऱ्हाईक हुशार होतं. ते म्हणालं, सकाळपासून दुपारपर्यंत दोन दात वाढले, आता संध्याकाळी हा बैल हत्ती झाला तर बांधू कुठं? खोंड चांगला होता, पण तीन बाजार विकला गेला नाही. शेवटी लोक त्याच्याकडं बघून हसायला लागले आणि बैलालाही ते कळायला लागलं.

“खोड सांगितलीस का हेड्याला?” तात्यांनी विचारलं.

मुजम्मिलनं विचारलं, कसली खोड?

“तुझी. बैल मारका असंल, पान्याला बुजत असंल, उसात बसत असंल. गिऱ्हाइकाला केव्हा सांगायचं त्ये हेडी बघतो. पर हेड्याला ठावं पायजे. त्याला ठावं न्हाय आन् गिऱ्हाइकाला घावली, मग हेडी बी गेला आन् बैल बी गेला.”

खोड होती. एकोणीस दिवसांची होती.

रांजणगाव सुटल्यावर महिन्याभरातच त्याला तमिळनाडूतल्या होसूरला नोकरी लागली होती. पगार बरा, राहायला खोली, खोलीत फ्रिज. एकोणीस दिवस तो तिथं होता. विसाव्या दिवशी दात घासायचा ब्रश आणतो म्हणून बाहेर पडला आणि चौथ्या बसनं कळसला उतरला. ब्रश आणला नाही. घरी सांगितलं, हवा मानवली नाही. रेझ्युमेत होसूरचं नावसुद्धा नाही. खरं कारण इतकं फालतू होतं की ते कुठल्या रकान्यात लिहायचं हेच त्याला कळलं नव्हतं. कळसला सहा वाजले की कालव्याकडून वारा येतो, आई चहा टाकते, तात्या दावं उसवायला घेतात. होसूरला सहा वाजायचे आणि त्यानंतर सात वाजायचे. मधे काहीच नसायचं.

त्यानं हे तात्यांना सांगितलं. तात्यांनी मान डोलावली, जणू तो परत आल्यापासून याचीच वाट बघत होते.

“हरण्याची खोड,” ते म्हणाले.

हरण्या घरातल्या सगळ्यांना माहीत होता. तात्यांचा स्वतःचा खिलार बैल, डाळजच्या सावळारामला विकलेला. रूप असं की रस्त्यानं चालला तर एसटी थांबायची. खोड एकच, विकला की परत यायचा. तात्यांनी हातावर हात पडायच्या आधीच सावळारामला सांगितलं होतं की हा परत येतो, चाळीस दिवस बांधून ठेवलास तर विसरेल, आधी सोडलास तर माझ्या दारात सापडेल. सावळाराम हसला आणि घेऊन गेला. आठव्या दिवशी सकाळी दूध काढायच्या वेळेला हरण्या कालव्याच्या कडेनं सात-आठ कोस चालून दारात. मागून दुपारी सावळाराम, सायकलवर कडब्याची पेंढी बांधून. परत आलेला बैल न्यायला येणारानं मोकळ्या हातानं यायचं नसतं. पेंढी जुन्या मालकाच्या दारात स्वतःच्या हातानं बैलाला चारायची, तिथंच जेवायचं आणि मग बैलाला चालवत न्यायचं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर हरण्या आधी आला की सावळाराम, यावर घरात मतभेद आहेत. मग चाळीस दिवस भरले आणि बैल यायचा थांबला.

सावळाराम थांबला नाही. तो पुढची बावीस वर्षं येत राहिला, दरवेळी पेंढी घेऊन. हरण्या मेल्यावरही. गोठ्यात एकही जनावर नसताना तो पेंढी दावणीत ठेवायचा, जेवायचा, तात्यांना तू फसवलंस म्हणून शिव्या द्यायचा आणि जायचा. गेल्या थंडीत सावळाराम गेला. तेव्हापासून दावण झाडून ठेवलेली असते.

“लाव बाईला फोन,” तात्या म्हणाले.

फोन लागायच्या आधी त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि फोन, मुजम्मिलचा हात आणि स्वतःचा हात असं सगळं त्याखाली घेतलं. मुजम्मिल आजोबांना दादा म्हणायचा; म्हणाला, दादा, ऐकू जाणार नाही. तात्या म्हणाले ऐकू जातं, दिसू नये एवढंच. इराला सगळं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येत होतं, पण ती काही बोलली नाही. मागच्या महिन्यात एक उमेदवार तिच्याशी चालू हार्वेस्टरवरून बोलला होता.

मुजम्मिलनं आधी दिग्विजयचं सांगितलं आणि माफी मागितली. मग म्हणाला, “मॅडम, अजून एक आहे. मी होसूरला एकोणीस दिवस होतो. ब्रश आणायला म्हणून निघालो आणि घरी आलो.”

पलीकडं टाइप करायचा आवाज थांबला. तिनं विचारलं, का?

“सहा वाजले की करमायचं नाही.”

टाइप करायचा आवाज परत सुरू झाला. तिनं विचारलं, कंपनीनं काढलं नव्हतं ना? नाही, त्यानं घरी आल्यावर राजीनामा मेल केला होता. मग इरा म्हणाली, हे लपवण्यासारखं नाहीये, पण लपवलंत तर होतं. दिग्विजय यांच्याकडून नाव मागं घेतल्याचं लेखी आणा, म्हणजे मी कंपनीशी परत बोलते. इथून पुढं माझ्याआधी कुणी तुमचं नाव कुठं पाठवलं असेल तर मला सांगायचं. आणि पगाराचे दोन आकडे द्या, एक बोलायचा आणि एक ज्याच्या खाली तुम्ही येणारच नाही. दुसरा फक्त मला.

पंचाखाली तात्यांनी मुजम्मिलचा हात असा दाबला की त्याची बोटं कडकडली. मग लगेच चार बोटं, मूठ, दोनदा अंगठा. तो आकडा मुजम्मिलनं नंतर लावून बघितला. खिलार जोडीचा शहाण्णव सालचा भाव निघाला. इराला त्यानं स्वतःचे दोन आकडे दिले.

फोन ठेवल्यावर तात्यांनी विचारलं, “ही बाई कुन्या बाजारातली?”

“पुण्याची.”

“पुन्यात बैलबाजार असतोय?”

“आता नाही, दादा.”

“मंग शिकली कुठं?”

उरलेल्या कन्सल्टन्सींपैकी दोघांना मुजम्मिलनं त्याच संध्याकाळी नीट कळवलं की कुठं काय चाललंय. बाकीच्यांना गुलाब पाठवणं बंद केलं. सातव्या नंबरनं दुसऱ्या दिवशी काळजीनं विचारलं, तब्येत बरी आहे ना?

बारामतीला तात्या स्वतः निघाले. हेड्याकडून बैल काढून घ्यायचा तर मालकानं समक्ष जायचं आणि गोड घेऊन जायचं. सोबत एक किलो गूळ घेतला. दिग्विजय घाबरला. त्याच्याकडं माणसं भांडायला यायची ती गूळ घेऊन येत नसत. तो म्हणाला, तात्या, मी भलंच करायला गेलो हो, चार वर्षं कागदावर बारीक दिसतात म्हणून सहा लिहिली. तात्यांनी स्क्रीनवरचा फोटो बघायला मागितला.

“ह्यो कोन?”

“तुमचा नातूच की.”

“गळ्यात काय हाय?”

“टाय.”

“इकायच्या आदीच दावं बांधलंस व्हय रं?” तात्या म्हणाले आणि गूळ पुढं केला.

दिग्विजयनं नाव मागं घेतल्याचं पत्र तिथल्या तिथं लिहून दिलं. त्याचं लेटरहेड संपलं होतं, म्हणून ते लग्नपत्रिकेच्या शिल्लक कागदावर छापलं. वर गणपती, मध्ये ‘सदर उमेदवाराबाबत आमचा कोणताही दावा राहणार नाही’, आणि खाली एका कोपऱ्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं – अनय’. इरानं ते जसंच्या तसं कंपनीला पाठवलं. म्हणाली, खाडाखोड केली तर परत संशय यायचा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं मुजम्मिलला स्पष्ट सांगितलं की होसूरचं तिनं कंपनीला आधीच सांगून टाकलंय. म्हणजे प्रश्न येणार, हे धरूनच जा. तिनं कंपनीला सांगितलं ते असं, की तुमच्याकडची पोरं दीड वर्ष काम शिकून पुण्याला पळतात. हाही पळतो, पण उलट्या दिशेनं. कळस तुमच्या फाटकापासून मोटारसायकलनं पाऊण तास. मुजम्मिलनं हे ऐकलं आणि त्याला आठवलं, सावळारामला हरण्या विकताना तात्यांनी अगदी हेच केलं होतं. त्यांनी सांगितलं होतं की जो बैल सात कोसांवरून घर शोधतो, तो तुझं घर एकदा शिकला की जन्मात सुटायचा नाही.

प्लँटचे साहेब ऋषिराज म्हणून होते. त्यांनी गिअर हातात दिला, मुजम्मिलनं बोट फिरवलं आणि एका दातावर थांबला. यंत्र लावलं, दात खरंच चुकला होता. साहेबांनी कागद उलटा ठेवून विचारलं, “आणि इथून पळालात तर?”

“सर, इथून सुटलो की सहाला घरी. सकाळी परत इथं. त्याला पळणं म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“शिफ्ट.”

बाहेर आल्यावर दहा मिनिटांत त्यानं इराला सगळं कळवलं, बरं झालेलं आणि न झालेलं. एका प्रश्नाला उत्तर आलं नाही, तेही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. घेतायत म्हणाली. पण पत्रात वाचून मला शिव्या देऊ नका म्हणून आधीच सांगते, पहिल्यांदा गुजरातच्या प्लँटला ट्रेनिंग आहे. नको असेल तर आत्ता नाही म्हणा, मी सांभाळून घेईन. हो म्हणून गायब तेवढं होऊ नका.

किती दिवस, त्यानं विचारलं.

“चाळीस.”

ओट्यावर तात्यांचा हात थांबला. मग परत सुरू झाला, पण पीळ उलटा पडायला लागला. मुजम्मिलनं एका दिवसाची मुदत मागितली.

एकोणीस दिवसांत पळून आला तर नोकरी गेली आणि आता बारामतीत दुसरी कुठली मिळायची नाही, हे मुजम्मिलला माहीत होतं. चाळीस दिवस पूर्ण राहिला तर काय होतं, ते हरण्याला माहीत होतं. शबीनानं मसूर डब्यातून काढला आणि डबा घासून फराळाचं भरायला ठेवला. तो बघून मुजम्मिलनं इराला हो कळवलं. ती म्हणाली, एकोणिसाव्या दिवशी मी फोन करीन. सहा वाजता.

इथपर्यंतही नोकरी लागलेली नव्हती. आळीत कुणी विचारलं की तिघंही आभाळाकडं बघायचे. एवढं बघितलं की शेजाऱ्यांनी वाळवणं काढून घेतली.

निघायच्या दोन दिवस आधी कुरियरनं कंपनीचं ओळखपत्र आलं, निळ्या पट्टीत अडकवलेलं. तात्यांनी ते हातात घेतलं, पट्टीचा हूक काढला, कार्ड मुजम्मिलला दिलं आणि पट्टी गोठ्यातल्या खुंटीवर अडकवली. त्या खुंटीवर आधीपासून एक दावं होतं, काळं पडलेलं. हरण्याचं. बैल विकला तरी विकणारा दावं देत नाही. घेणारानं आपलं आणायचं, जुनं खुंटीवर राहतं.

मुजम्मिल म्हणाला, दादा, पट्टीशिवाय आत घेत नाहीत. तात्यांनी आठवडाभर वळत होते ते दावं पुढं केलं. बारीक सुताचं, मऊ, यंदा पहिल्यांदाच न उसवलेलं. त्याला एक घुंगरूही होतं. ते मुजम्मिलनं विनंती करून काढायला लावलं.

मग तात्या रिकाम्या दावणीच्या कडेला बसले.

“आलास तर न्यायला कोन यील?”

मुजम्मिल म्हणाला, कंपनी न्यायला येत नसते. काढून टाकते.

“सावळाराम आला व्हता,” तात्या म्हणाले. “तीनदा.”

कालव्याकडून वारा आला. आत शबीनानं चहा टाकला होता. तात्यांनी पंचानं दावणीची कड पुसली आणि म्हणाले, लिही. मुजम्मिलनं लिहिलं. तात्या त्यांच्या भाषेत सांगत होते, तो सरकारी करत होता. कारण साध्या भाषेत लिहिलं तर हात थांबायला लागला होता. पूर्ण झाल्यावर त्यानं ते इराला पाठवलं. ती रिक्रूटर असल्यामुळं जे असेल ते तिला आधी कळवायचं होतं. तिचं उत्तर आलं, पुढं पाठवते, पण वचन देत नाही.

अर्ज असा :

प्रति,
मा. मालकसाहेब, गिअर कारखाना, एमआयडीसी, बारामती.

विषय : दावे व परतीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, अर्जदार इमाम मुलाणी, राहणार कळस, तालुका इंदापूर, सादर करतो की, आपणांकडे दिलेल्या मुजम्मिल नामे इसमाचे गळ्यातील निळे दावे रिवाजाप्रमाणे अर्जदाराकडे ठेवून घेण्यात आले असून, सदर इसमास घरच्या दाव्यावर कामास घेण्यात यावे. सदर इसमास परत येण्याची खोड आहे, ती आपणांस आधीच कळविण्यात आलेली आहे. सबब, चाळीस दिवसांचे मुदतीत सदर इसम अर्जदाराचे दारात आढळून आल्यास त्यास गैरहजर मांडू नये अगर कमी करू नये. त्याऐवजी आपण स्वतः, कडब्याची एक पेंढी घेऊन, कळस येथे समक्ष न्यायला यावे व जेवल्याशिवाय जाऊ नये, ही नम्र विनंती.